मैला प्रक्रिया केंद्र ओस, टाक्या तुडुंब: गाड्या फाटकापर्यंत आणायच्या कशा?

ओलीमाती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी शहर स्वच्छतेच्या आराखड्यावर काम करणाऱ्या एका लहान चमूत आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर काही गरीब माणसांच्या पोटावर येईल. लाखभर वस्ती. भुयारी गटार जुन्या भागात थोडंसं, बाकी सगळीकडे सेप्टिक टाकी नाहीतर खड्डा. दोन वर्षांपूर्वी मैला गाळावर प्रक्रिया करणारं केंद्र उभं राहिलं. दिवसाला दहा गाड्या घ्यायची त्याची क्षमता.

मागच्या आठवड्यात मी सहा दिवस त्या केंद्राच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले आणि येणारी प्रत्येक गाडी वहीत टिपली. सहा दिवसांत अकरा गाड्या आल्या. दोन दिवस एकही नाही. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर गवत उगवलंय.

सातव्या दिवशी शहरात टाकी उपसून निघालेल्या एका गाडीच्या मागे स्कूटर घेऊन गेले. ती वस्ती संपते तिथल्या नाल्यापाशी थांबली, मागची नळी खाली सोडली, दहा मिनिटांत रिकामी होऊन परतली. मी फोटो काढला नाही. नळी धरणारा मुलगा कोवळा होता, हातात मोजे नव्हते, आणि त्याला गुन्हेगार ठरवायला माझा हात धजला नाही. त्याच नाल्याच्या पाण्यावर पुढे दोन वस्त्या धुणं धुतात. ते आठवलं की रात्री झोप लागत नाही.

वरिष्ठांचं म्हणणं, प्रत्येक गाडीला जीपीएस लावा आणि नाल्यात ओतताना सापडला की दंड करा. मला हा उपाय अर्धाच वाटतो. घरोघरच्या पाहणीत “टाकी शेवटची कधी उपसली?” या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर होतं, “अजून भरलीच नाही.” वीस वर्षं जुनी घरं आहेत ही! टाकी भरत कशी नाही? आणि गाडीवाल्याने केंद्रावर यावं यासाठी नेमकं काय बदलायला हवं? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

तिठा

ताई, मी नऊ वर्षं सक्शन गाडीवर होतो. आधी मदतनीस, मग चालक, शेवटची तीन वर्षं स्वतःची गाडी. मीही नाल्यात ओतलंय. ते बरोबर होतं असं म्हणत नाही, पण का ओततात ते सांगतो.

गाडीवाल्याचा दिवस फेऱ्यांवर चालतो. पाच फेऱ्या झाल्या तर डिझेल, हप्ता आणि दोन पोरांची मजुरी निघून घरी काहीतरी नेता येतं. तीन झाल्या तर नुकसान. आमच्याकडचं केंद्र शहराबाहेर होतं, जाऊन-येऊन सव्वा तास. फाटक दहाला उघडायचं आणि पाचला बंद. लोक मात्र टाकी उपसायला बोलावतात पहाटे किंवा रात्री, शेजाऱ्यांना वास नको म्हणून. सहाला भरलेली गाडी दहापर्यंत कुठे उभी करायची? वर केंद्रावर गाडी रिकामी करायचा आकार, म्हणजे शुल्क, तेही आम्हीच द्यायचं. म्हणजे जो नियमाने वागतो त्याला वेळेचा, डिझेलचा आणि आकाराचा असा तिहेरी भुर्दंड, आणि जो नाल्यावर जातो त्याला काहीच नाही.

तुमच्या साहेबांचा जीपीएस मला चालला असता. पण आधी फाटक पहाटे पाचला उघडा, रिकामं करायचा आकार रद्द करा, आणि जमलं तर उलट प्रत्येक भरलेल्या फेरीमागे गाडीवाल्याला पैसे द्या. मग दंड लावा. आधी दंड लावलात तर गाड्या रात्री निघतील आणि आणखी लांबच्या ओढ्यावर जातील.

दुसरं, अवजारांचं. वीस वर्षं न उपसलेल्या टाकीत तळाला गाळ दगडासारखा बसलेला असतो. आमचा पंप वरचं पाणी ओढतो, तळ तसाच राहतो. घरमालकाला वाटतं टाकी साफ झाली. तळ सुटायला पाण्याचा जोरदार फवारा मारावा लागतो, त्याला वेळ आणि पाणी दोन्ही लागतं. त्यात टाकीवर फरशी बसवलेली, झाकण कुठे ते घरात कोणालाच माहीत नाही. खड्ड्यांत तर कपडे, पॅड, बाटल्या, काय काय निघतं. नळी तुंबली की काम थांबतं, आणि तिथेच माणसाला आत उतरवायचा मोह होतो.

हे सांगायलाच मी लॉगिन केलंय. आत कोणीही उतरू नये. कितीही कमी पाणी असलं तरी. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू, हायड्रोजन सल्फाइड, हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि तोही जातो. एका मालकाने मला दोरी बांधून उतरायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, त्या दिवसाची मजुरी गेली. पुढच्या महिन्यात त्याच मालकाकडे दुसरा एक मुलगा उतरला. त्याच्या आईला मी अजून भेटायला जातो.

तो नळी धरणारा मुलगा, ताई, त्याला मोजे-बूट मिळतील असं काहीतरी तुमच्या आराखड्यात लिहा. आणि लस. धनुर्वात आणि हिपॅटायटिसची लस आम्हाला कोणी कधी दिली नव्हती.

जुनी_आखणी

तिठा यांनी लिहिलंय ते कोणत्याही अहवालापेक्षा मोलाचं आहे. मी सांडपाणी प्रकल्पांच्या आखणीत तीस वर्षं घालवली, म्हणून फक्त “टाकी भरत कशी नाही” याचं उत्तर देतो.

टाकी भरते, आणि वापरात आल्यापासून थोड्याच दिवसांत भरते. सेप्टिक टाकी नेहमी पाण्याने भरलेलीच असायला हवी. मैलापाणी त्यात सुमारे दिवसभर थांबतं, जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर साय धरतं, आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. गाळ आणि साय मिळून खोलीचा तिसरा हिस्सा व्यापायला लागले की उपसायची वेळ झाली. नेहमीच्या घरगुती टाकीत ती दोन-तीन वर्षांत येते. नाही उपसली तर थांबायला जागाच उरत नाही आणि ताजा मैला तसाच पुढे वाहतो. तुमच्या घरांत टाकी तुंबत नाही याचा अर्थ बहुधा तिची बाहेरची नळी उघड्या गटारात सोडलेली आहे. झाकण उघडण्याआधी ती नळी कुठे जाते ते पाहा. ती घरं उपसण्याची वेळ वीस वर्षांत अनेकदा चुकवून बसली आहेत, फक्त त्याची झळ त्यांना न लागता खालच्या वस्तीला लागते आहे.

म्हणूनच घरमालकाच्या फोनवर चालणारी पद्धत कधीच पुरी पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. फोन तुंबल्यावरच येतो. ठरलेल्या चक्राने गाडी दारात गेली पाहिजे आणि खर्च सगळ्यांकडून थोडा थोडा, करातून किंवा पाणीबिलातून गोळा झाला पाहिजे. फिलिपिन्सच्या मनिला आणि दुमागेटेमध्ये तो पाणीबिलातूनच वसूल होतो. वाई आणि सिन्नरने तीन वर्षांचं चक्र लावलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या महापालिकेने खड्ड्यांची शौचालयं दर पाच वर्षांनी स्वतः उपसून द्यायचं ठरवलं. ठरलेल्या चक्राचा एक फायदा तिठा यांच्या लगेच लक्षात येईल: एकाच गल्लीतली घरं ओळीने, दिवसाउजेडी होतात, आणि गाळ दगड व्हायच्या आत निघतो.

तुमच्या शहराचा हिशेब मांडून पाहू. समजा १५,००० टाक्या. तीन वर्षांचं चक्र म्हणजे वर्षाला ५,०००. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर दिवसाला सोळा-सतरा. एका टाकीला एक फेरी आणि एका गाडीच्या दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर चार गाड्या रस्त्यावर कायम आणि पाचवी राखीव. आता तुमचं केंद्र बघा, क्षमता दहा गाड्यांची. म्हणजे आज ओस वाटणारं केंद्र चक्र सुरू झालं की पुरणार नाही! पाच वर्षांचं चक्र लावलं तर वर्षाला ३,००० टाक्या, दिवसाला बरोबर दहा. मी असतो तर पाच वर्षांनीच सुरुवात केली असती, विहिरी आणि नाल्याकाठच्या गल्ल्या पहिल्या वर्षात घेतल्या असत्या, आणि त्याच वेळी वाफे वाढवायची जागा मागून ठेवली असती.

एक सावधगिरी. वरिष्ठांपैकी कोणी म्हणेल की गाळ जवळच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ओता. टाकीतला गाळ गटारातल्या मैलापाण्यापेक्षा दहा ते शंभर पट दाट असतो. लहान केंद्रात अशा दोन-चार गाड्या एकदम गेल्या तर तिथले मैला पचवणारे जिवाणू कोलमडतात आणि सगळी प्रक्रिया बिघडते. आणि वाफ्यावर वाळला म्हणून गाळ लगेच शेतात नेऊ नका. जंतांची अंडी नुसत्या वाळवण्याने लगेच मरत नाहीत, त्यांना उष्णता किंवा दीर्घ साठवण लागते.

पाऊलवाट

हे सगळं तात्पुरतं नाही का? सरळ सगळीकडे भुयारी गटार का नाही टाकत? गाड्या, वाफे, चक्र यात अडकून आपण गरीब शहरांना कायम दुय्यम व्यवस्थेवर ठेवतोय असं वाटतं.

जुनी_आखणी

तुमची तळमळ कळते, आणि दाट वस्तीत गटार हवंच. पण मोठ्या गटाराला उतार, भरपूर पाणी, पंपांसाठी न जाणारी वीज आणि प्रत्येक घराची जोडणी लागते. जोडणी घरमालकाच्या खर्चाची ठेवली की मुख्य नळ टाकून वर्षं जातात आणि घरं जोडलेलीच नसतात. मी स्वतः अशा नळात उभा राहिलोय, आत कोरडी माती होती.

स्वस्त गटार मात्र होऊ शकतं. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून समाजसेवक अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे नळ स्वतः टाकले. सरकारने फक्त मोठा नाला आणि पुढची प्रक्रिया बघावी अशी वाटणी होती. ब्राझीलने त्याच दशकात कमी खोलीचे, लहान व्यासाचे नळ परसातून आणि पदपथाखालून नेले. दोन्हींत गल्लीचं एकमत आधी, खोदकाम नंतर. तुमच्या जुन्या भागाला हे चालेल. तोवर आणि त्याच्या पलीकडे गाडी लागणारच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त पाहणीनुसार २०२२ साली उघड्यावर जाणारे ४१.९ कोटी होते, आणि ज्यांच्या मैल्याची सुरक्षित विल्हेवाट लागत नाही असे, तेही धरून, सुमारे ३५० कोटी. मधल्या सगळ्यांना कसलं ना कसलं शौचालय आहे. त्यांचा मैला शौचालयानंतर कुठे तरी वाट चुकतो. तेवढ्यांना गटार येईपर्यंत थांबा म्हणणं मला जमत नाही.

खोली_नंबर_९

मी भाड्याच्या खोलीत राहते, अकरा कुटुंबांत एक शौचालय. वरच्या चर्चेत घरमालक, घरमालक असंच चाललंय म्हणून लिहिते. मालक इथे राहत नाही. खड्डा भरला तर त्याला फरक पडत नाही, फोन उचलत नाही. आमची गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. तुमची ती गाडी दारापर्यंत येणार कशी? आणि कर मालकाने भरला नाही तर आमचं नाव यादीत येणार का?

तिठा

नाही येणार गाडी, ताई, खोटं नाही बोलत. माझी नळी फार तर तीस मीटरपर्यंत जोर धरायची. त्याच्या पुढे हातपंप लागतो. युगांडातल्या कंपालामध्ये गल्पर नावाचा साधा उभा पंप वापरतात, माणूस बाहेर उभा राहून दांडा मारतो, गाळ पिंपात पडतो, पिंप हातगाडीवरून रस्त्यावरच्या टाकीपर्यंत. हळू होतं, पण आत उतरावं लागत नाही. मात्र ती रस्त्यावरची टाकी रोज उचलली गेली पाहिजे, नाहीतर तोच नवा उकिरडा.

जुनी_आखणी

खड्डा खणायलाच जागा नाही अशा वस्त्यांत बंद डब्यांची शौचालयं चालवतात. नैरोबी, घानातलं कुमासी, हैतीतलं कॅप-हैतियन इथे भरलेला डबा ठरल्या दिवशी नेतात, स्वच्छ डबा ठेवतात. पण यादी घरपट्टीवरून केली की भाडेकरू गळतातच. ओलीमाती, यादी घरांची नको, शौचालयांची करा.

ओलीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा वही घेऊन बसले. आमच्या पाहणीच्या अर्जात “घरमालकाचं नाव” हा पहिला रकाना होता. तो खाली नेला. पहिला रकाना आता “शौचालय, वापरणारी माणसं”, दुसरा “बाहेरची नळी कुठे जाते”, तिसरा “झाकण सापडतं का”, चौथा “रस्त्यापासून किती मीटर”. तीस मीटरच्या पलीकडची शौचालयं नकाशावर वेगळ्या रंगात दाखवणार आहे. खोली नंबर ९, तुमच्यासारख्या गल्ल्या त्या रंगात असतील.

वरिष्ठांना टिपण दिलं: फाटक पहाटे पाचला, आकार बंद, कामगारांना लस आणि साधनं, जीपीएस त्यानंतर. पाच वर्षांच्या चक्राचा हिशेब जोडला. त्यांनी फक्त एकच विचारलं, पहाटे फाटकावर माणूस कोण बसवणार? पहिला महिना मी बसेन असं सांगितलंय.

तिठा, एक विनंती. तुमच्या ओळखीचे अजून गाडी चालवणारे असतील तर टिपण अंतिम व्हायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचंय. दुपारी एक ते तीन मोकळे असतात ना ते?

तिठा

दोन ते चार. एकला जेवतात. मी येतो बरोबर.