आधी बोलणे की आधी चित्रतक्ता?

मूळ मांडणी
तीन-चार वर्षांचे मूल बोलत नसेल, तर ‘थोडी वाट पाहा, चित्रावर बोट ठेवून हवे ते सांगण्याचा तक्ता किंवा कळ दाबली की शब्द उच्चारणारा टॅबलेट हाती दिला की ते बोलायचा कंटाळा करेल’ असा सल्ला बहुतेक पालकांना मिळतो आणि तो मला घातक वाटतो. पोट दुखते एवढेही सांगता न येणारे मूल ओरडते, चावते, डोके आपटते आणि आपण त्याला हट्ट म्हणून मोकळे होतो. ही साधने देण्यासाठी मुलाने आधी अमुक पायरी गाठावी, अशी अट नसावी.

असहमत
भीती अगदीच निराधार नाही. माझा मुलगा पूर्वी ‘पा’ म्हणून पाणी मागत असे. टॅबलेट आला आणि ते थांबले, कारण कळ दाबली की काम होते.

मूळ लेखक
ते कळीमुळे थांबले, की घरातले फक्त कळीलाच दाद देऊ लागले म्हणून? अशा साधनांचा बोलण्यावर काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये आढावा घेतला. त्यात ज्या २७ जणांबाबतचा पुरावा भक्कम होता, त्यांच्यापैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते. ८९ टक्के जणांचे वाढले होते, जरी ती वाढ बहुधा माफकच होती.

असहमत
२७ हा आकडा लहान आहे आणि ‘माफक’ या शब्दावरून घाईने पुढे जाऊ नये. शिवाय आमच्या तक्त्यावर खाऊ, पाणी, शू यांपलीकडे काही नाही. मराठीत तर ‘जा’चे एकच चित्र जातो, जाते, गेलो, जाऊया या सगळ्यांचे ओझे वाहते.

आणखी एक मत (वाचोपचारतज्ज्ञ)
तक्त्याबद्दलची तक्रार रास्त आहे, पण तो दोष साधनाचा नसून शब्दनिवडीचा आहे. ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘माझे’ हे शब्द दिवसभर लागतात. ते हवेत आणि त्यांच्या जागा सारख्या बदलू नयेत, कारण सरावाने बोटाला जागा पाठ होते. मोठ्यांनी स्वतः बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवावे. मुलाची परीक्षा घेत बसू नये. मात्र मुलाचा हात धरून टंकलेखन करवून घेण्याची पद्धत टाळावी. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले आहेत.

असहमत
‘नको’ची कळ आजच जोडतो आणि ‘पा’लाही पाणी देतो. पण घरातल्या चौघांनी दिवसभर बोट ठेवत बोलावे, ही अपेक्षा मला अजूनही अवास्तव वाटते.