रविवारचं रक्तदान शिबिर आणि बायकांच्या रक्ताबद्दलचा तो मेसेज

सचिव: रविवारी सकाळी ९ ते १, क्लबहाऊसमध्ये शिबिर. नावं आजच द्या.

बी-३०२: काल फिरत असलेला मेसेज वाचलात का? अपघाताच्या पेशंटला बायकांचं रक्त चढवलं तर धोका जास्त, असं संशोधन आहे म्हणे. मग यादीत पुरुषच घ्यायचे का?

सी-५०४: माझी दोन बाळंतपणं झालीत. नाव काढू का?

ए-७०१: ताई, अजिबात काढू नका. मी रक्तपेढीत आहे म्हणून सविस्तर लिहिते. २०१६ साली कॅनडात जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा बायकांचं किंवा तरुण दात्यांचं रक्त मिळालेल्या रुग्णांत मृत्यू थोडे जास्त दिसले. मेसेज बहुतेक तिथूनच निघालाय. पण नुसत्या नोंदींवरून कारण ठरत नाही. जो जास्त गंभीर, त्याला पिशव्या जास्त, आणि पिशव्या जास्त म्हणजे त्यात एखादी बाईची असणारच. म्हणून कॅनडातल्याच ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी थेट चाचणी घेतली. ८,७१९ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला पुरुषांच्या लाल पेशी, दुसऱ्याला बायकांच्या. २०२३ मध्ये निकाल आला, जगण्या-वाचण्यात फरक सापडला नाही. त्यात सगळ्या प्रकारचे रुग्ण होते, फक्त अपघाताचे नव्हेत, हेही सांगते.

बी-३०२: मग बाळंतपणाचं काय?

ए-७०१: ती भीती प्लाझ्माबाबत, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाबाबत, खरी आहे. गरोदरपणात काही बायकांच्या रक्तात बाळाच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. त्या प्लाझ्मात असतात आणि क्वचित घेणाऱ्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. ब्रिटनने २००३ पासून प्लाझ्मासाठी शक्यतो पुरुषदाते घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रकार कमी झाला. लाल पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा जेमतेम उरतो. ताईंच्या लाल पेशी बिनधास्त वापरता येतात.

डी-१०३: गरज पडली की नातेवाईक देतातच ना? आधी साठवून काय करायचं?

ए-७०१: काका, अपघातात तेवढा वेळ नसतो हो. हायवेवरून बाईकवाला आणतात, आत रक्तस्राव चालू, एका रात्रीत दहा पिशव्या सहज जातात. दहा वेगळ्या माणसांच्या. नातेवाइकाने तेव्हा दिलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासून हातात येईपर्यंत तास जातात. त्याला वाचवतं ते आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं रक्त. गट कळेपर्यंत ओ गटाच्या लाल पेशी लावतात. तरुण मुलगी असेल तर ओ निगेटिव्हच शोधतो, नाहीतर पुढे तिच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ शकतो. सोबत प्लाझ्मा आणि प्लेटलेटही लगेच लागतात, आणि प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, निम्मी मुंबई गावाला, आणि ओ निगेटिव्हच्या कप्प्यात एखादीच पिशवी उरलेली. तिच्यावर गट, नंबर आणि तारीख असते. दात्याचं नाव नसतं. ती पिशवी तिथं असणं, याचंच मोल मला सगळ्यात जास्त वाटतं.

सी-५०४: माझं राहू दे मग. सुनेचंही लिहा.

ए-७०१: लिहिते. वजन ४५ किलोच्या वर हवं, हिमोग्लोबिन किमान १२.५. बायकांना शेवटच्या रक्तदानाला चार महिने झालेले असावेत, पुरुषांना तीन. सुनेचं हिमोग्लोबिन तिथंच बोट टोचून बघू, कमी निघालं तर ह्या वेळी राहू द्या. उपाशी मात्र कुणी येऊ नका.

डी-१०३: माझं वय ६७.

ए-७०१: काका, ६५ नंतर घेत नाहीत. नाव लिहून घ्यायला टेबलावर बसाल का? सकाळी गर्दी असते.

डी-१०३: साडेआठला येतो.