प्लेट नक्की कशावर सरकते? आणि किल्लारी तर प्लेटच्या मधोमध, मग तिथे भूकंप कसा?

नुसतीचशंका:
लेकीला भूगोलात भूकवच, प्रावरण, गाभा चालू आहे. तिच्या डोक्यात बसलंय की वर पातळ साल आणि खाली सगळा उकळता लाव्हारस, त्यावर प्लेट तरंगतायत. मी पण हेच समजून पास झाले 😅 काल विचारते, प्लेटची कड तर हिमालयात आहे ना, मग किल्लारीला कसा झाला? जाणकारांनो, सांगा बरं.

खडकवेडा:
लाव्हारस आधी डोक्यातून काढा. प्रावरण जवळजवळ सगळंच घन आहे, पार २९०० किमी खोलीपर्यंत. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून आरामात जातात आणि बाह्य गाभ्यापाशी येऊन अडतात. वितळलेला आहे तो हा बाह्य गाभा, लोखंड आणि निकेलचा, त्याच्या आतला परत घन कारण दाबच तेवढा. पण घन असलं तरी तापलेलं प्रावरण लाखो वर्षांच्या हिशोबात हळूहळू वाहतं, त्यातही प्लेटच्या खालचा थर जरा जास्त मऊ, त्यावरून प्लेट सरकते. आणि प्लेट म्हणजे नुसतं भूकवच नव्हे हो, भूकवच आणि प्रावरणाचा वरचा कडक भाग मिळून, जाडी साधारण १०० किमी. इथे शिकवणारेही गडबडतात.

नुसतीचशंका:
बरं, पण मग तिला ढकलतं कोण? खालचे प्रवाह ना?

घाटमाथा:
प्रवाहांचा हात आहेच, पण मोठा जोर ओढण्याचा. दांडीवर ओली साडी एका बाजूला जास्त लोंबली की अख्खी तिकडेच घसरते ना, तसंच. समुद्रतळाची जुनी, थंड, जड झालेली प्लेट दुसरीखाली बुडते आणि मागचा भाग ओढत नेते. भारताच्या पुढे टेथिस समुद्राचा तळ असाच बुडत होता, तेव्हा आपण वर्षाला १५ सेंमीच्या वर पळत होतो. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकलो आणि वेग आला ५ सेंमीवर. म्हणजे राज्याभिषेकापासून आजवर रायगड १७-१८ मीटर सरकलाय, उत्तरेकडे, थोडा ईशान्येला.

औसारोड:
किल्लारीचं मी सांगतो, आमच्याकडचंच आहे. ती धडक अजून संपलेली नाही, तिचा दाब प्लेटच्या पोटातही येतो आणि जिथे जुनी भेग आहे तिथे कधीतरी सुटतो. आमच्याकडं वर काळा पाषाण, त्याच्याखाली कितीतरी जुना खडक, भेग त्यात, वरून काय कळणार? तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा भाग झोन १ मधे होता, म्हणजे सगळ्यात सुरक्षित! ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. ६.२ चा धक्का, हिमालयात एवढ्याला कोणी फार मोठा म्हणत नाही, पण हा जमिनीखाली अगदी उथळ आणि घरं दगडमातीची, दोन-दोन फुटी भिंती, वर माळवदाची माती. जवळपास दहा हजार माणसं गेली. झोन ३ नंतर केला.

नुसतीचशंका:
बापरे. आणि कोयना पण यातलंच का?

खडकवेडा:
निम्मं. दाब तोच, भेगा तिथेही आहेत, पण धरणाचं पाणी झिरपून भेगेतला दाब वाढतो आणि ती लवकर सुटते. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा धक्का धरण भरल्यावर काही वर्षांतच आला, आणि बारीकसारीक अजून चालूच आहेत, पाटणवाल्यांना विचारा.