फ्रँचायझी सोडल्यावर २ वर्षं स्वतःचं दुकान काढायचं नाही? मदत हवी आहे

गाळा_नं_४ : मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. कणकवलीत हायवेला लागून बर्गरची फ्रँचायझी चालवतो, कंपनीचं नाव इथे घेत नाही. फ्राईजची गोठवलेली पाकिटं, पॅटी, सॉस सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं. माल कोल्हापूरहून येतो. पावसात करूळ घाट बंद झाला की फ्रीजर रिकामा, गिऱ्हाईक परत जातं, रॉयल्टी मात्र सुटत नाही. म्हणून त्याच गाळ्यात स्वतःच्या नावाने काढायचं ठरवलं, तर नोटीस आली. सोडल्यावर २ वर्षं, १० किमीच्या आत तसला धंदा करायचा नाही, केला तर डिपॉझिट जप्त. हे चालतं का? कामावरच्या पोरांना काय सांगू?

घाटवाट : करार संपलाय की मध्येच सोडताय?

रापण : संपला काय नि नाही काय! करार कायदा १८७२, कलम २७. धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. बिनधास्त पाटी बदला.

घाटवाट : रापण, अर्धवट सांगून माणसाला खड्ड्यात घालू नका. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला, सुप्रीम कोर्ट, १९९५ वाचा. करार चालू असताना, अगदी तो संपवायच्या नोटिशीच्या मुदतीतसुद्धा, दुसऱ्याचा माल न विकण्याची अट कोर्टाने ग्राह्य धरली. संपल्यानंतरची बंदी मात्र सहसा टिकत नाही. करार संपलाय का, ते त्यासाठी विचारलं.

हापूस_पेटी : वहिनींच्या नावावर लायसन काढा, विषय संपला.

रापण : करारात कुटुंबीय धरलेले असले तर?

दर्यावर्दी : बर्गर कित्याक होयो? कोंबडी-वडे घाल, मुंबयवालो गाडी थांबवतलो.

हापूस_पेटी : कॉलेजची पोरं रोज कोंबडी-वडे खातील का? बर्गरच मागतात.

सुरमई : फूड लायसन फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन निघतं. पाण्याचा रिपोर्ट तयार ठेवा.

गाळा_नं_४ : लायसन आहे हो! करार ५ वर्षांचा, सव्वा वर्ष शिल्लक. गाळा मामांचा.

घाटवाट : हे आधी सांगायला हवं होतं. आज पाटी बदललीत तर कंपनी लवाद (कोर्टाऐवजी पंचाकडून निवाडा) कायद्याच्या कलम ९ खाली मनाई हुकूम मागेल. आधी करार रीतसर संपवा. माल न आल्याच्या तारखा, ऑर्डरचे मेल, डिलिव्हरी चलनं एकत्र लावा. पुरवठ्याची जबाबदारी त्यांची असेल तर कसूर त्यांची ठरू शकते. डिपॉझिट जप्त करू म्हणतात, पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, मनाला येईल तेवढी नाही. आणि त्यांचं चिन्ह, पोरांचे टी-शर्ट, सॉसची कृती यातलं काहीही वापरू नका. तिथे कलम २७ कामी येत नाही.

रापण : मान्य. पण गरीब दुकानदाराने सव्वा वर्ष तोटा सोसायचा? हा अन्यायच आहे.

घाटवाट : अन्याय वाटतो म्हणूनच चलनं जपायला सांगतोय.

गाळा_नं_४ : चलनं आहेत, फाइलला लावलेली. घाट बंद असताना "माल पाठवता येत नाही" असा त्यांचा मेलही आहे. वकील ओरोसला बघू का?

घाटवाट : तो मेल जपून ठेवा. जिल्हा न्यायालय ओरोसलाच आहे, पण करारात लवादाचं ठिकाण कुठलं लिहिलंय?