मदत हवी आहे: 'गो ९२.५' एफएमच्या जुन्या कॅसेटी कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी, २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. त्यांतल्या मिड-डे समूहाच्या 'गो ९२.५'वर इंग्रजी पॉप ऐकत मी मोठा झालो. पुढे तीच 'रेडिओ वन' झाली. तेव्हाचं परवाना शुल्क ठरावीक, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. २००५ च्या सरकारी धोरणात त्याऐवजी उत्पन्नातला वाटा आला. मला वाटतं, आधीच्या ठरावीक शुल्काच्या ओझ्यापायीच बहुतेक वाहिन्यांनी हिंदी गाण्यांची वाट धरली.

या वाहिनीचा इतिहास लिहितोय. माझ्या कॅसेटी पावसात गेल्या. कुणी निवेदनासकट काही टेप केलं होतं का? जिंगल, वर्तमानपत्रातली जाहिरात, दहा मिनिटांचा तुकडासुद्धा चालेल. कॅसेट डिजिटल करून मूळ प्रत जपून परत देईन. तिथे काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया जरूर बोला.