जीसीसी ७ ने सी++११ मोडचाही नियम बदलला, हे योग्य झालं का?

अर्धविराम: जीसीसी या सी++ कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून (२०१७) वारशाने आलेल्या कन्स्ट्रक्टरचे (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या, मूळ क्लासकडून मिळालेल्या फंक्शनचे) नियम बदलले, आणि ते सी++११ मोडमध्ये, म्हणजे भाषेची २०११ ची आवृत्ती मागितली तरीसुद्धा. माझा आक्षेप या 'सुद्धा'ला आहे.

समजा, बेस हा मूळ क्लास आणि डिराइव्ह्ड ही त्यातून निघालेली क्लास. बेसचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (बाहेरच्यांना बंद) आहे, पण बेसने डिराइव्ह्डला फ्रेंड केलंय, म्हणजे आतलं वापरायची मुभा दिलीय. डिराइव्ह्डमध्ये 'यूझिंग बेस::बेस' (बेसचे कन्स्ट्रक्टर वारशाने घेणारी ओळ) आहे आणि तिने फॅक्टरीला, म्हणजे डिराइव्ह्डचे ऑब्जेक्ट बनवणाऱ्या बाहेरच्या कोडला, फ्रेंड केलंय. जुन्या नियमात कंपायलर डिराइव्ह्डसाठी खरोखरचा कन्स्ट्रक्टर घडवायचा. तो प्रायव्हेट असला तरी डिराइव्ह्डचाच, म्हणून फॅक्टरीला चालायचा. नवा नियम विचारतो, फॅक्टरीला थेट बेसचा ऑब्जेक्ट बनवता आला असता का? नाही, कारण मित्राचा मित्र सी++ मध्ये मित्र नसतो. म्हणजे कोड जसाच्या तसा, आणि तरी बेकायदा! ज्याने सी++११ मोड मागितला, त्याने त्या वेळची भाषा मागितली होती.

पॉइंटरवाली: असहमत. पी०१३६, म्हणजे हा नियम बदलणारा सी++ मानकाचा प्रस्ताव, ही दोषदुरुस्ती होती, आणि दोष खरे होते. जुना नियम डीफॉल्ट आर्ग्युमेंट (न दिल्यास आपोआप धरली जाणारी किंमत) असलेल्या एका कन्स्ट्रक्टरचे अनेक कन्स्ट्रक्टर करायचा, व्हॅल्यूने (स्वतंत्र प्रत म्हणून) घेतलेला पॅरामीटर बेसपर्यंत पोचताना आणखी एकदा हलवायचा. प्रवेशाचंही, म्हणजे कन्स्ट्रक्टर कोणाला वापरता येतो याचंही, तेच. बेसने डिराइव्ह्डला आत घेतलं, फॅक्टरीला नाही.

खटपट्या: पण 'यूझिंग' पब्लिकखाली लिहिलं की सगळं पब्लिक होतं ना?

पॉइंटरवाली: साध्या फंक्शनचं होतं, कन्स्ट्रक्टरचं नाही. जुन्या नियमातही बेसमधलाच प्रवेश कायम राहायचा.

अर्धविराम: डिराइव्ह्डने तोच कन्स्ट्रक्टर हाताने लिहिला तर फॅक्टरी आजही आत जाते. मग बेसचं संरक्षण वाढलं कुठे? पॅरामीटरची दुरुस्ती मला मान्य आहे. पण प्रवेशाचा बदल फक्त सी++१७ मोडपुरता ठेवायला हवा होता.

पॉइंटरवाली: हाताने लिहिलेल्या कन्स्ट्रक्टरची जबाबदारी डिराइव्ह्ड स्वतः घेते. 'यूझिंग' म्हणजे बेसचाच कन्स्ट्रक्टर वापरणं. शिवाय एकच हेडर (अनेक फाइलींत सामावली जाणारी सामाईक फाइल) एका फाइलमध्ये सी++११ ने आणि दुसरीत सी++१७ ने कंपाइल होतं. त्याचे दोन अर्थ झाले तर लायब्ररी लिहिणाऱ्याने काय करायचं?

अर्धविराम: हेडरचा मुद्दा वजनदार आहे, मानलं. जुनं वागणं परत आणायला 'एफ-नो-न्यू-इनहेरिटिंग-सीटॉर्स' हा पर्यायही दिलाय, तेही खरं. पण जुना मोड निवडणाऱ्याला तो आपसूक मिळायला हवा होता, एवढ्यावर मी ठाम आहे.

खटपट्या: तोवर मी डिराइव्ह्डचे कन्स्ट्रक्टर हातानेच लिहितो. पाच ओळी जास्त, पण प्रवेश कुणाला ते तिथेच दिसतं.