१८५७ चा राणीछाप रुपया, १८१८ चा 'वन आणा': फँटसी नाणी की खोटी नाणी?

गिरगाव_संग्राहक

तीन नाणी आहेत, तिन्ही चोरबाजारात मटन स्ट्रीटच्या वेगवेगळ्या पथाऱ्यांवरून घेतलेली. तिन्हींच्या सनाबद्दल शंका आहे.

पहिलं पिवळट तांबूस, जाडजूड. एका बाजूला मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, 'यूकेएल', वन आणा, १८१८. दुसरा व्हिक्टोरियाचा एक रुपया, पांढरा, सन १८५७. तिसरा सहाव्या जॉर्जचा रुपया, सन १९३९.

'सन चुकीचा म्हणजे नाणं खोटं' असं सरसकट म्हणता येतं का? अशी नाणी ठेवणं कायद्यात बसतं का? आणि प्रदर्शनात टेबल लावलं तर ती विकायला मांडावीत का? भाव नकोत, ओळख हवी आहे.

मिंटरोड

सन एकटा बघू नका. सन आणि मूल्य यांची जोडी बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कंपनीची सगळ्या मुलखात एकसारखी नाणी १८३५ पासूनची. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती; मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे. एक आण्याचं नाणं तर १९०७ पासून, सातव्या एडवर्डच्या काळात चलनात आलं, आणि तेही लाटेदार कडेचं, कप्रोनिकेलचं (तांबं-निकेलच्या मिश्रणाचं). त्यामुळे १८१८ चा कंपनीचा 'वन आणा' असूच शकत नाही. कंपनीच्या मद्रासच्या होनांवर विष्णू आहे हे खरं, पण मारुती किंवा रामदरबार कंपनीच्या चलनी नाण्यावर नाहीत. तुमचं पहिलं नाणं म्हणजे देवळाबाहेर विकायचं टोकन, रामटंकाच्या जातीतलं. रामटंके, म्हणजे रामाची छाप असलेली नाण्यासारखी टोकनं, ही जुनी परंपरा आहे, पूजेसाठी आणि भेट द्यायला. त्यावर कंपनीचं नाव आणि जुना सन घालून 'प्राचीन' म्हणून विकणं हा मागाहूनचा धंदा.

१८५७ च्या रुपयाची गंमत वेगळी. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८४०, १८६२ आणि मग १८७४ ते १९०१ एवढेच सन येतात. १८४० चा सन गोठवून टाकसाळ १८६२ पर्यंत त्याच सनाचे रुपये पाडत होती. म्हणजे खरोखर १८५७ साली पाडलेल्या रुपयावर सन १८४० असणार. '१८५७' लिहिलेला रुपया सरळ फँटसी, म्हणजे टाकसाळीने कधीच न पाडलेलं, कल्पनेतलं नाणं. मात्र याच सनाचा पाव आणा, तांब्याचा, १८५७ आणि १८५८ दोन्ही सनांचा, अस्सल आहे. बंडाचं साल म्हणून गिऱ्हाईक पटकन गळाला लागतं, म्हणून हा सन रुपयावर चढवतात.

उलट बाजूही सांगतो. नाण्यावरचा सन प्रत्यक्ष पाडल्याच्या सालाशी जुळत नाही म्हणून नाणं खोटं ठरत नाही. मारिया थेरेसाचा थालर, म्हणजे ऑस्ट्रियाचं चांदीचं मोठं नाणं, १७८० या गोठवलेल्या सनाने कितीतरी देशांच्या टाकसाळींनी पाडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या फोर्टातल्या टाकसाळीनेही पाडला. २८.०७ ग्रॅम, ८३३ चांदी (हजार भागांत ८३३), आणि पूर्णपणे अधिकृत. तसेच जुन्या डाय (नाणं पाडायचे ठसे) वापरून टाकसाळीने संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेले नग असतात, त्यांना रीस्ट्राइक म्हणतात. ते मूळच्या भावाने विकणं चूक, पण 'बनावट' म्हणणंही चूक.

दातेरी_कड

वरचं सगळं मान्य, पण आधी वजन करा. पथारीवर बसून सन वाचण्यात अर्थ नाही.

लागेल काय: ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापट भिंग, छोटं चुंबक, पाण्याचा पेला, पातळ नायलॉनचा धागा.

जुना रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, साधारण ३०.५ मिमी, ९१७ चांदी. झिजलेला असेल तर ११.४ पर्यंत उतरतो. त्याहून खाली गेला आणि चेहरा मात्र ताजा असेल तर संशय घ्या. अर्धा आणा (१८३५) १२.९५ ग्रॅम, पाव आणा ६.४८. चुंबकाला चांदी, तांबं, पितळ चिकटत नाही. १९४७ चा रुपया मात्र चिकटायलाच हवा, तो शुद्ध निकेलचा आहे. तो चांदीचा म्हणून कोणी दाखवला तर पुढच्या पथारीवर जा.

मग पाण्याचं वजन. पेला काट्यावर ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका (बुडबुडे चिकटत नाहीत), काटा शून्यावर आणा. नाणं धाग्याने लटकवून पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा, विशिष्ट घनता मिळते. ९१७ चांदीची सुमारे १०.३, म्हणजे ११.६६ च्या रुपयाला पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर घनता ८.४ ते ८.८ आणि आकडा १.३५ च्या आजूबाजूला.

चुकतं कुठे? नाणं तळाला टेकतं आणि आकडा एकदम फुगतो. अक्षरांच्या खाचेत बुडबुडा राहतो. जाड दोरा वापरतात. आणि ०.१ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा इथे निव्वळ निरुपयोगी, कारण सगळा फरक दुसऱ्या दशांशात आहे. एकाच नाण्याचं तीनदा माप घ्या. तीन आकड्यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर मापच चुकतंय.

झवेरी बाजारात क्ष-किरणांच्या मशीनवर धातू तपासून मिळतो, पण ते किरण वरच्या पातळ थरापुरतेच वाचतात. चांगला जाड मुलामा असेल तर पितळही चांदी म्हणून पास होतं. पाण्याला मुलामा फसवू शकत नाही.

गिरगाव_संग्राहक

मापं घेतली. १८५७: कोरडं १०.९०, पाण्यात १.२७. १९३९: कोरडं ११.६२, पाण्यात १.१३. 'वन आणा' पाण्यात घातला नाही, त्याचं उत्तर मिळालंच. १९३९ ची कड साधी दातेरी आहे, मध्ये खाच नाही. म्हणजे हा खरा?

दातेरी_कड

१८५७ ची घनता ८.५८ येते. चांदी नाही, विषय संपला.

१९३९ ची १०.२८. इथे घाई करू नका. ९१७ चांदी आहे एवढंच सिद्ध झालं, सन सिद्ध झाला नाही. १९४० पासून रुपया ५०० चांदीचा झाला (चांदी निम्मी, बाकी तांबं, निकेल, जस्त), त्याची घनता ९.५ च्या आसपास आणि कडेवर दात्यांच्या मधून खाच. म्हणजे तुमचा नग १९४० च्या पुढच्या रुपयावर सन कोरून बनवलेला नाही. राहिला १९३८. त्याचा धातू तोच, आणि १९३९ दुर्मिळ असल्यामुळे शेवटच्या आठाचा नऊ करणं हा या नाण्यातला सगळ्यात नेहमीचा खेळ.

भिंगाखाली, बाजूने तिरका उजेड पाडून बघा. सनात दोन नऊ आहेत. दुसरा आकडा आणि चौथा आकडा, दोन्हींचा गोल, शेपटी, उंची, जाडी जुळली पाहिजे. चौथ्याच्या खालच्या डाव्या बाजूला पृष्ठभाग खरवडलेला, चकाकणारा किंवा किंचित खोलगट दिसला तर तिथलं धातूचं वळण कापलंय. उलट आकड्याभोवती बारीक रेघ किंवा रंगाचा वेगळा ठिपका दिसला तर वेगळा आकडा चिकटवलाय. मग भरवशाच्या लिलावाच्या कॅटलॉगमधल्या मोठ्या फोटोशी ताडून बघा.

कलम_आणि_कड

कायद्याचं थोडक्यात, कारण प्रदर्शनात यावरून उगाच घाबरवणारे भेटतात.

भारतीय न्याय संहितेत नाण्याच्या बनावटीचं कलम १७८ आहे. 'बनावट' ठरायला दोन गोष्टी हव्यात: साम्य, आणि त्या साम्याने फसवण्याचा हेतू किंवा फसवणूक होईल याची जाणीव. नक्कल हुबेहूब असण्याची गरज नाही. खऱ्या नाण्याचं रूप बदलून ते वेगळं भासवणंही त्यात येतं, म्हणजे १९३८ चा १९३९ करणारा कारागीर मारुतीचं टोकन पाडणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत.

मात्र राणीछाप किंवा जॉर्जछाप रुपया आज चलन नाही. त्यामुळे 'जुनं अस्सल' सांगून पैसे घेतले तर माझ्या मते थेट बसणारं कलम ३१८, फसवणूक. ते धातूला नाही, विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांना लागतं. तुमच्या कपाटातला १८५७ 'फँटसी' लिहिलेल्या पाकिटात पडून असेल तर त्यात फसवणूक कोणाची?

खरी लाल रेघ आजच्या चलनाची आहे. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं घ्या. त्यावरचा पहिला सन २००५. त्याच रूपाचा '२००१' सनाचा नग कोणी दाखवला तर हात लावू नका. तो सन कधी नव्हताच हा बचाव चालणार नाही, कारण दुकानदार सन वाचत नाही, नाणं गल्ल्यात टाकतो. पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे खासगीत बनवणं आणि बाळगणं याला २०११ च्या नाणे कायद्यातही मनाई आहे.

अमेरिकेत हाच वाद खासगी टाकसाळ चालवणाऱ्या डॅनियल कार यांच्या १९६४-डी पीस डॉलरवरून (तिथला चांदीचा जुना डॉलर) रंगला. डेनव्हरच्या टाकसाळीने १९६५ मध्ये ते ३,१६,०७६ पाडले आणि सगळे वितळवले. कार यांनी खऱ्या जुन्या पीस डॉलरवर तो सन पुन्हा ठोकला. तिथल्या १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असा ठसा लागतो. कार यांचं म्हणणं की हे खऱ्या नाण्यावरचंच काम आहे. त्यांचे नग उघड नाव सांगून विकले जातात आणि लोक आवडीने जमवतात. आपल्याकडे तसा ठशाचा नियम नाही, म्हणून जबाबदारी पाकिटावरच्या चिठ्ठीची.

मिंटरोड

चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. पाकीट बदलतं, चिठ्ठी गळते, आणि दोन हात पुढे गेल्यावर तोच १८५७ 'आजोबांच्या पेटीतला' होतो. टेबलावर मांडायचाच असेल तर खऱ्या रुपयांच्या ट्रेमध्ये मुळीच नको. वेगळा ट्रे, मोठ्या अक्षरात 'फँटसी, चांदी नाही', आणि बिलावरही तेच शब्द. बिल मागितल्यावर जो विक्रेता कुरकुर करतो त्याच्याकडून १९३९ घेऊ नये, एवढं साधं आहे.

मी फँटसी नाणी जमवण्याच्या विरोधात नाही. बदललेल्या सनाचं खरं नाणं मात्र मी संग्रहात ठेवणार नाही, शिकवायला ठेवलं तरी विकणार नाही. फँटसी अभ्यासकाला पहिल्या नजरेत कळते. बदललेला सन पुढच्या माणसाला बुडवायलाच केलेला असतो.

दातेरी_कड

मिंटरोड यांच्या ट्रेच्या सूचनेला पुस्ती. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, तांब्या-पितळेवर हिरवा चिकट थर आणतात आणि शेजारच्या खऱ्या नाण्यालाही लागतात. कडक मायलरची घ्या. चिठ्ठीवर वजन, व्यास, घनता आणि तारीख लिहा. चिठ्ठी हरवली तरी वहीत तेच आकडे असू देत, पुढच्याला नुसतं मोजून नग ओळखता येईल.

गिरगावकर, १९३९ चे दोन नऊ जुळतात का ते फोटोसकट टाका. तोवर नाणं घासू नका. ब्रासो नको, चिंच नको, टूथपेस्ट तर नकोच. आकड्याभोवतीचा जुना काळेपणा हाच पुरावा आहे, तो गेला की खऱ्या नाण्याचीही खात्री देता येत नाही.